पक्षाघातानंतरचे पुनर्वसन आणि तंजावूरची घरची मराठी

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे जतन करण्यात आली आहेत. रुग्णाची तक्रार, डोळ्याची अवस्था आणि केलेले उपचार यांच्या नोंदी त्यांत असून काही टिपणांसोबत डोळ्यांची चित्रेही आहेत. प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र दखल घेण्याची ही पद्धत पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात आज विशेष महत्त्वाची ठरते. तंजावूरच्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत त्या नोंदीत आणखी एका गोष्टीची भर पडणे आवश्यक आहे. ती म्हणजे रुग्णाची भाषा.

येथील मराठी राज्य सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी स्थापन केले व १८५५ मध्ये ते संपुष्टात आले. मात्र अनेक घरांत मराठी टिकून राहिली. घरात मराठी आणि शाळा, बाजार व रुग्णालयात तमिळ, असा या कुटुंबांचा व्यवहार आहे.

पक्षाघात झालेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो. त्यांची विचारशक्ती बहुधा शाबूत असते, परंतु शब्द सापडत नाहीत किंवा ऐकलेले नीट उमगत नाही. दोन भाषा जाणणाऱ्याची कोणती भाषा आधी परत येते, याविषयी दोन फ्रेंच अभ्यासकांची मते प्रसिद्ध आहेत. रिबो यांच्या विचारानुसार बालपणी शिकलेली भाषा अधिक टिकाऊ असते. पित्र यांनी १८९५ मध्ये सर्वाधिक वापरातील भाषेला अग्रक्रम दिला. यांपैकी कोणताही नियम सर्वांना लागू पडत नाही, असे नंतर दिसून आले. पुष्कळांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात, तर काहींची एकच भाषा पुढे जाते.

म्हणूनच केवळ तमिळमध्ये केलेली तपासणी अपुरी ठरू शकते. 'हात वर करा' ही सूचना रुग्णाला समजलीच नाही, तर हात दुर्बळ आहे किंवा रुग्ण सहकार्य करीत नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचा संभव असतो. अशा गैरसमजातून रुग्ण निराश होतो आणि उपचारकाचा उत्साहही मावळतो.

घरातील व्यक्ती दुभाषाचे काम करू शकते. तथापि, तिने रुग्णाच्या वतीने उत्तर देऊ नये. प्रश्न रुग्णालाच विचारावा, वाक्य लहान असावे आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा. होय किंवा नाही दर्शविणारी खूण, चित्रे आणि घरातील नेहमीच्या मराठी शब्दांची यादी उपयुक्त ठरते. देवनागरी वाचता येत नसल्यास हे शब्द तमिळ लिपीत लिहावेत. प्रौढ रुग्णाशी लहान मुलाप्रमाणे बोलणे टाळावे.

उपचारांचे उद्दिष्टही दोघांनी मिळून ठरवावे लागते. उपचारकाला चालण्याचे अंतर महत्त्वाचे वाटेल, तर रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवणे किंवा नातवाला नावाने हाक मारणे. त्याला काय हवे आहे हे कळल्यावाचून रोजचा कंटाळवाणा व्यायाम चालू राहणे कठीण असते.

तमिळनाडू शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' योजनेत घरी जाऊन भौतिकोपचार देण्याची तरतूद आहे. त्यामुळे उपचारक रुग्णाच्या घरात, म्हणजेच त्याच्या भाषेच्या परिसरात, पोहोचतो. 'आपण घरी कोणती भाषा बोलता?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून त्याचे उत्तर नोंदविल्यास पुढील अनेक गैरसमज टळू शकतील.