तंबूंतली सुटी : काटकसर कोठें, सावधगिरी कोठें

मुलांना सुटी लागली कीं मध्यम उत्पन्नाच्या गृहस्थापुढें खोलीभाड्याचा प्रश्न उभा राहतो. तंबू हा त्यावर उत्तम उपाय आहे. मात्र पैसा कोठें वांचवावा आणि कोठें वांचवूं नये, याचा विवेक आधीं करावा लागतो.

भंडारदऱ्याचेंच उदाहरण घ्यावें. मुंबईहून इगतपुरीपर्यंत आगगाडी, पुढें घोटीवरून रस्ता. १९२६ सालीं पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय समोर आणि १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई शिखर जवळच. दिवाळीचे मुख्य दिवस सरल्यावर, परंतु शाळा उघडण्यापूर्वीं निघावें. दोन कुटुंबांनीं मिळून तंबू भाड्यानें आणावा, पीठ, डाळी व स्टोव्ह घरूनच न्यावा, आणि जागेच्या मालकाची परवानगी आधींच घ्यावी. मग मुख्य खर्च प्रवासाचाच उरतो.

अंथरुणांत मात्र काटकसर नको. रात्रीं देहाची ऊब जमीन शोषून घेते. म्हणून पांघरुणाइतकेंच जाड अंथरूणही हवें. थंडी कितीही वाजली तरी कोळशाची शेगडी तंबूंत आणूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेल्या माणसास जाग येण्यापूर्वींच तो प्राण घेऊं शकतो. स्टोव्हही बाहेरच पेटवावा. धरणाखालील नदीपात्रांतली कोरडी जागा मोहक दिसते. पण वरून पाणी सोडलें कीं तीच जागा अल्पावधींत बुडते.

एक घोंगडी अधिक नेल्यानें व तंबू चार पावलें उंचावर ठोकल्यानें खर्च फारसा वाढत नाहीं. सगळीं माणसें मात्र सुखरूप घरीं परततात.