काजव्याची बदनामी

मोरोपंतांच्या बारामतीपासून इंदापुरापर्यंतचा मुलूख मूळचा जिरायत. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, आणि ज्या ओलाव्यावाचून काजव्याच्या अळीचे व तिचे भक्ष्य असलेल्या गोगलगाईचे चालत नाही, तो ओलावा उसाच्या बागायतीबरोबर येथे कायमचा दाखल झाला. मातीत सरपटणारा जो प्रकाशमान जीव किडा म्हणून हिणवला जातो, तो कृमी नव्हेच. ती भुंगेऱ्यांच्या कुळातील काजव्याची अळी, किंवा काही जातींत आजन्म पंख न फुटणारी मादी होय. संस्कृत पंडितांनी या जीवाला ‘खद्योत’, म्हणजे आकाश उजळणारा, ही सनद दिली खरी, परंतु सूर्यापुढे उभे करून त्याचा पाणउतारा करण्यातच धन्यता मानली. बोलीने तर थप्पड बसलेल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकवले! हा निवाडा मला एकतर्फी वाटतो. ल्युसिफेरिन नामक द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन निघणाऱ्या या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. अशी किफायत तारेच्या विजेच्या दिव्याला कधीच साधली नाही. याच प्रकाशाने नरमादी एकमेकांना खुणावतात, आणि परक्या उजेडात त्या खुणा हरवतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी बांधावरचे दिवे शेतकऱ्यांनी रात्री मालवावेत, ही विनंती.