डिसा युनिफ्लोरा
डिसा युनिफ्लोरा, अर्थात लाल डिसा, ही ऑर्किडेसी (आमरी) कुलातील जमिनीवर वाढणारी, सदाहरित व बहुवर्षायू वनस्पती आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील नैर्ऋत्येकडील पर्वतरांगा हे तिचे मूळ स्थान होय. केपटाउनजवळील टेबल माउंटनवर ती विशेष प्रसिद्ध असून तिला ‘टेबल माउंटनचा अभिमान’ असे म्हटले जाते. थंड, स्वच्छ आणि वाहत्या पाण्यावरील अवलंबित्व हे या वनस्पतीचे प्रमुख वैशिष्ट्य आहे. तिचे बीज, तिचा बहर आणि तिची लागवड या सर्वांचा या गुणाशी संबंध आहे.

नाव

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ पेटर योनास बेर्गियुस यांनी १७६७ मध्ये केपहून आलेल्या वाळलेल्या नमुन्यावरून या जातीचे वर्णन केले. त्या नमुन्यावर एकच फूल असल्याने त्यांनी तिला ‘युनिफ्लोरा’, म्हणजे एकपुष्पी, असे नाव दिले. प्रत्यक्षात एका दांड्यावर अनेकदा दोन-तीन आणि क्वचित त्याहून अधिक फुले येतात. ‘डिसा’ हे प्रजातीचे नाव स्वीडिश आख्यायिकेतील राणी डिसा हिच्यावरून आल्याचे मानले जाते. ही राणी जाळे पांघरून राजासमोर आली होती, अशी कथा आहे. फुलाच्या वरच्या दलावरील जाळीदार शिरांमुळे हे नाव सुचले असावे. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत ही जाती बहुधा ‘डिसा ग्रँडिफ्लोरा’ या नावाने आढळते.

वर्णन

ही वनस्पती साधारणपणे ६० सेंमी. पर्यंत उंच वाढते. फूल सुमारे ८ ते १० सेंमी. रुंद असते. फुलाचा ठळक भाग पाकळ्यांचा नसून तीन संदलांचा असतो. बाजूची दोन संदले रुंद, पसरट आणि गडद लाल असतात. वरचे संदल टोपीसारखे वळलेले, फिकट व शिरांनी भरलेले असून त्याच्या मागील बाजूस मधुरस असलेली शुंडिका असते. पाकळ्या लहान असतात. इतर अनेक आमरींमध्ये सर्वांत आकर्षक असणारा ओष्ठ येथे अगदी अरुंद असतो.

अधिवास

केपच्या या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. तरीही लाल डिसा जानेवारी ते मार्च या ऐन उन्हाळ्यात फुलते. याचे कारण तिच्या जागेत आहे. ओढ्यांचे काठ, धबधब्यांजवळचे खडक आणि सतत पाझरणारे कडे येथेच ती वाढते. उन्हाळ्यात आग्नेयेकडून येणारा वारा टेबल माउंटनवर ढगांची चादर पसरवतो. या ढगांतील बाष्प झुडपांवर साचून जमिनीला ओलावा मिळतो, हे रुडॉल्फ मार्लोथ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रयोगांनी दाखवले.

परागीभवन व बीजप्रसार

रोलंड ट्रायमेन यांनी १८६० च्या दशकात या फुलाच्या रचनेचा अभ्यास करून आपली निरीक्षणे चार्ल्स डार्विन यांना कळवली. पुढे ‘माउंटन प्राइड’ या मोठ्या तपकिरी फुलपाखराकडून परागीभवन होत असल्याचे स्पष्ट झाले. हे फुलपाखरू लाल रंगाकडे इतके ओढले जाते की गिर्यारोहकांच्या लाल टोप्यांवरही ते झेपावते. मधुरस शोषताना परागपुंज त्याच्या पायांना चिकटतात आणि दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात.

बहुतेक आमरींचे बीज धुळीसारखे सूक्ष्म असून वाऱ्याने पसरते आणि रुजण्यासाठी त्याला बुरशीची साथ लागते. लाल डिसाचे बीज तुलनेने मोठे असते व पाण्यावर तरंगत जाते. ओल्या शेवाळावर ते बुरशीच्या मदतीशिवायही रुजू शकते.

लागवड आणि ऋतुचक्र

लागवडीत मुळे थंड ठेवणे सर्वांत महत्त्वाचे असते. हवा काही काळ उष्ण झाली तरी रोप तग धरते. कुंडीतील पाणी तापल्यास मुळे कुजतात. पावसाचे किंवा क्षार नसलेले पाणी वापरतात व त्याचा सामू ५ ते ६ च्या आसपास ठेवतात. माध्यम म्हणून जाड वाळू, पर्लाइट किंवा स्फॅग्नम शेवाळ चालते. खत अत्यंत सौम्य प्रमाणात दिले जाते, कारण साचलेले क्षार मुळांना मारक ठरतात.

दक्षिण गोलार्धात वसंतात पानांच्या झुबक्यातून दांडा वर येतो आणि उन्हाळ्यात फुले उमलतात. बहरानंतर फुललेले रोप सुकते. ते मेले असे समजून टाकून देणे चुकीचे ठरते, कारण तळाशी नवा कंद व बाजूचे फुटवे तयार झालेले असतात. शरद ऋतूत ते वेगळे करून ताज्या माध्यमात लावतात आणि हिवाळाभर ते सावकाश वाढतात. उत्तर गोलार्धात हेच चक्र सुमारे सहा महिन्यांच्या फरकाने चालते.

संकर

इंग्लंडमधील व्हीच रोपवाटिकेचा ‘डिसा व्हीचाय’ (१८९१) हा लाल डिसा व डिसा रेसिमोसा यांचा संकर होय. त्यानंतर क्यू येथे डिसा ट्रायपेटलॉइडीसशी संकर करून ‘डिसा क्यूएन्सिस’ तयार झाला. डिसा कार्डिनालिस या जातीचे वर्णन १९८० मध्ये झाले. तिच्याशी केलेला संकर ‘कर्स्टनबॉश प्राइड’ या नावाने ओळखला जातो. आज लागवडीत गुलाबी, केशरी व पिवळ्या छटांचे अनेक संकर आढळतात.

संवर्धन

आमरी कुलातील अन्य वनस्पतींप्रमाणे या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ करारानुसार नियंत्रित आहे. बियांपासून रोपे तयार करता येत असल्याने बागांसाठी रानातील रोपे उपटण्याचे कारण उरत नाही. मात्र रानातील अस्तित्व केवळ फुले तोडण्यावरील बंदीने टिकत नाही. डोंगरावरील पाणी वळवणे किंवा पाइनसारख्या परदेशी वृक्षांनी ते शोषून घेणे यामुळे ओढे आटतात आणि अधिवासच नाहीसा होतो. म्हणून या जातीचे संरक्षण व ओढ्यांचे संरक्षण वेगळे करता येत नाही.