प्रत्येक ‘साइड इफेक्ट’ हा दुष्परिणाम नसतो

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरभेटी देताना आम्हाला कळले, की क्षयरोगाचे उपचार चालू असलेल्या एका काकूंनी गोळ्या बंद केल्या आहेत. “लघवी तांबडी व्हायला लागली. पोरानं मोबाईलवर बघितलं, दुष्परिणाम हाय म्हणाला. मग बंदच केल्या,” त्या म्हणाल्या.

रिफाम्पिसिन या औषधाने लघवीला नारिंगी-तांबडा रंग येतो. त्याने अपाय होत नाही. पण क्षयाचे औषध अर्धवट सोडले, तर आजार उलटतो आणि जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात. रंगाने जे बिघडले नसते, ते एका शब्दाने बिघडत होते.

‘साइड इफेक्ट’ला आपण सरसकट ‘दुष्परिणाम’ म्हणतो. ‘दुष्’ म्हणजे वाईट. शब्दातच निवाडा होऊन जातो. ‘आनुषंगिक’ हा शब्द ‘अनुषंगा’वरून आला. मुख्य गोष्टीला लागून जे येते ते आनुषंगिक. ते चांगले, वाईट किंवा निरुपद्रवीही असू शकते. लघवीचा रंग बदलणे हा आनुषंगिक परिणाम. डोळे पिवळे होणे, हातापायांना मुंग्या येणे हे दुष्परिणाम; तेव्हा गोळ्यांचा निर्णय स्वतः न घेता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा शब्द ‘अनपेक्षित परिणाम’. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1936 साली यावर निबंध लिहिला. कर्त्याला ज्याचा अंदाज नव्हता, तो अनपेक्षित. आनुषंगिक परिणामाचा अंदाज मात्र आधीच असू शकतो.

आपल्याच इतिहासातले उदाहरण घेऊ. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळेनात, कारण 1950 च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. याला कोणी ‘धर्मांतराचा दुष्परिणाम’ म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. हा आनुषंगिक परिणाम होता, आणि अनपेक्षितही नव्हता. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हक्कांचा प्रश्न स्वतःच घेतला होता. दोष दीक्षेत नव्हता, आदेशाच्या शब्दांत होता. म्हणून 1990 साली कायदा दुरुस्त होताच तो दूर झाला.

नाव चुकले की उपायही चुकतो. काकूंना आम्ही डॉक्टरांकडे नेले. त्यांच्या सल्ल्याने गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता घरभेटीत आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो: “लघवी तांबडी होईल, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले, तर थांबू नका.”