प्रवासातील सोबती : जलसंजीवनी

फिरतीची नोकरी करणारे, सामन्यांसाठी गावोगाव जाणारे खेळाडू, यात्रेकरू या सर्वांची एक तक्रार ठरलेली असते. गाव बदलले की पोट बिघडते. ‘पाणी बाधले’ असे आपण म्हणतो. खरे पाहता बाधते ते पाणी नव्हे, त्यातील जंतू.

घरचे पाणी कोठले आणि स्वयंपाक कोणी केला हे आपल्याला माहीत असते. सततच्या प्रवासात मात्र रोज नवे पाणी, नवे हात. म्हणून पाणी उकळलेले प्यावे, अन्न गरम व ताजे खावे, फळ स्वतः सोलून खावे आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. बर्फ टाळावा, कारण गोठवल्याने जंतू मरतातच असे नाही.

एवढे करूनही जुलाब लागले तर? यातला मोठा धोका म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे. अन्न, पाणी, लाळ व पाचकरस मिळून दिवसाकाठी सुमारे ८ ते ९ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला बहुतेक सगळा पुन्हा रक्तात शोषला जातो. जुलाबात हे गणित बिघडते. पाणी आणि त्याबरोबर क्षारही बाहेर जातात. पटकीच्या रोग्याचा तर काही तासांतच मृत्यू होऊ शकतो.

मग नुसते पाणी प्यायले तर भागेल का? नाही. गेलेले क्षार त्यातून मिळत नाहीत आणि पाणीही नीट शोषले जात नाही. पण आतड्याच्या पेशींत एक वाहक असतो. तो ग्लुकोज आणि मिठातील सोडियम या दोघांना जोडीनेच आत नेतो आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. विशेष म्हणजे पटकीतही ही वाट उघडी राहते. जलसंजीवनीत साखर असते ती यासाठी, चवीसाठी नव्हे.

याची मोठी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रोग्यांना पाजण्यास सुरुवात केली. आधी शंभरातले सुमारे तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चारांच्याही खाली आले.

आज जलसंजीवनीची पुडी औषधांच्या दुकानात मिळते. ती प्रवासाच्या पिशवीत ठेवावी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. पाणी कमी पडले तर क्षार जास्त होतात आणि ते घातक ठरू शकते. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. द्रावण घोटघोट प्यावे आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे.

जलसंजीवनी जंतू मारत नाही. ती शरीराला तग धरायला वेळ देते. म्हणून शौचातून रक्त पडणे, तीव्र ताप, न थांबणारी उलटी किंवा लघवी फार कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर प्रवास तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.