पन्नास मीटरवरचा दिवस

पहाटे पावणेपाच. मे महिना चालू आहे. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे या दिवसांत भिंती रात्रभर तापलेल्या असतात. आमचं बुलढाणा घाटावर असल्यानं या वेळेला अंगावर ओढणी घ्यावी इतका गारवा मिळतो. आई माझ्याआधी उठलेली असते. "घोटभर चहा तरी घेऊन जाय व माय," असं ती रोज म्हणते आणि मी रोज नाही म्हणते. नेम धरलेला असताना नाडीचा ठोकासुद्धा धनुष्यावरच्या स्कोपच्या भिंगात दिसतो, त्यामुळे सरावाआधी चहा-कॉफी मी बंद केली आहे. रात्री भिजवलेले शेंगदाणे, दोन खजूर आणि तांब्याभर पाणी, एवढंच पोटात टाकून निघते.

सव्वापाचला चिखली रोडनं धावायला सुरुवात. फार नाही, पाऊण तास हळूहळू. "बाण तर उभ्यानं मारायचे, मग धावायचं कशाला?" हा प्रश्न फिरायला येणारे काका-काकू हमखास विचारतात. स्पर्धेच्या दिवशी सात-आठ तास उन्हात उभं राहावं लागतं. शिवाय नेम धरताना वाढलेली धडधड पुढच्या बाणाआधी खाली यायला हवी आणि ती लवकर खाली येते ती धावणाऱ्याचीच. परत आल्यावर रबरी पट्ट्यांनी खांद्याचे व्यायाम. हे कंटाळवाणे आहेत आणि चुकवायचा मोह रोज होतो, पण तिरंदाजाचा खांदा एकदा दुखावला की अख्खा हंगाम हातचा जातो.

साडेसहाच्या सुमारास मैदानावर. इथून पुढचा अर्धा तास माझ्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा असतो, आणि बघणाऱ्याला तो अगदीच निरर्थक वाटतो. बटवर, म्हणजे बाण जिथं रुततो त्या जाड गादीवर, वर्तुळांचा कागदी फेस लावायचा नाही. बटपासून तीन मीटरवर उभं राहायचं, धनुष्य ओढायचं, डोळे मिटायचे आणि बाण सोडायचा. इतक्या जवळून बाण चुकणं शक्यच नसतं, म्हणूनच मन नेमावरून उठून अंगावर येतं. डावा पंजा मुठीवर किती आवळला आहे? मान ताठली आहे का? उजवं कोपर बाणाच्या रेषेत मागं जातंय की खाली पडतंय?

कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याची दोरी आम्ही बोटांनी सोडत नाही. हातात रिलीज नावाचं छोटं यंत्र असतं, त्याच्या आकड्यात दोरी अडकवलेली असते आणि अंगठ्याखाली त्याचा घोडा असतो. नवशिका अंगठ्यानं तो घोडा दाबतो. शिकलेला अंगठा नुसता टेकवून ठेवतो आणि पाठीवरचे खांद्याचे दोन्ही फरे एकमेकांकडे ओढत राहतो. त्या ताणानं हात किंचित वळतो, अंगठ्यावरचा दाब आपोआप वाढतो आणि बाण निघून जातो. बाण सुटला हे आपल्याला तो सुटल्यावरच कळलं पाहिजे. आधी कळलं तर हात दचकतो. पिवळ्या वर्तुळावर नेम आला रे आला की अंगठा परस्पर दाबला जाणं, याला आमच्यात टार्गेट पॅनिक म्हणतात. भल्याभल्यांना हे होतं. काहींचं धनुष्य त्यामुळे कायमचं सुटलं आहे. मला ठाऊक असलेल्या औषधांत या कोऱ्या बटहून चांगलं औषध नाही.

सातला फेस लावून पन्नास मीटरवर. मैदानी टार्गेट स्पर्धांत कंपाऊंडचं अंतर एवढंच असतं. रिकर्व्हवाले, म्हणजे बिनचाकाचं धनुष्य वापरणारे, सत्तरवरून मारतात. आमचा फेस ८० सेंटीमीटरचा आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. पात्रता फेरीत सहा-सहा करत ७२ बाण मारायचे, सहा बाणांच्या एका खेपेला एन्ड म्हणतात. एकूण गुण ७२०. मी रोज हीच फेरी घड्याळ लावून मारते.

माझं धनुष्य ५० पाउंडांचं आहे, म्हणजे २२ किलोंच्या वर. ओढताना मधला टप्पा पूर्ण वजनाचा असतो. तो ओलांडला की टोकाची चाकं फिरतात आणि हातावर जेमतेम चौथाई भार उरतो, म्हणून नेम धरून थांबता येतं. पण तो टप्पा प्रत्येक बाणाला ओलांडावाच लागतो. दिवसाला अडीचशे बाण धरले तर बेरीज साडेपाच टनांच्या पुढं जाते. तिरंदाजी म्हणजे एका जागी उभं राहण्याचा शांत खेळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

आठ वाजले की वारं उठतं. उन्हाळ्यात ते घाटाकडून येतं, आणि सरळ येत नाही. बटच्या डोक्यावरची झेंडी उजवीकडे, मधल्या अंतरावरचं गवत डावीकडे, असं बऱ्याचदा दिसतं. स्कोपमध्ये पाणसळीसारखा एक बुडबुडा असतो. वारा धनुष्याला ढकलतो तेव्हा बुडबुडा सरकतो, आणि तो मध्ये आणल्याशिवाय बाण सोडला की गेला नऊमध्ये. आमच्या प्रशिक्षक सरांचा नियम सोपा आहे: आधी बुडबुडा, मग वारं, सोनेरी वर्तुळ शेवटी. वारं फार असेल तर नेम मुद्दाम वर्तुळाच्या कडेला धरायचा आणि त्याच धीरानं सोडायचा. चुकीच्या जागी नेम धरून बरोबर जागी बाण घालायचा, हे मनाला पटवायला वर्षं लागतात.

आमच्या मैदानावर सकाळी आता शाळकरी मुलांची गर्दी असते. त्याला कारण आहे. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत १४९-१४८ असं हरवलं. श्लोसर तेव्हा जगातला पहिल्या क्रमांकाचा कंपाऊंड तिरंदाज होता आणि प्रथमेश १९ वर्षांचा. सामना पंधरा बाणांचा असतो. १४९ म्हणजे चौदा वेळा दहा आणि एकदाच नऊ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेबरोबर त्यानं सांघिक सुवर्ण आणलं. त्याच्याही आधी, २०१९ मध्ये, बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी चीनमधल्या चेंगडूच्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं होतं. दोघांच्याही मागं इथलेच प्रशिक्षक चंद्रकांत इलग उभे होते. जिथं रेल्वे नाही, गाडी धरायला राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं, त्या गावातलं हे काम आहे. माझ्यासारख्या मधल्या फळीतल्या खेळाडूंना या कामानं फार मोठी गोष्ट दिली. आता घरी कुणी "हे करून काय होणार?" असं विचारत नाही.

दहाला ऑफिस. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, त्यातून मी लागले. या नोकरीनं घर चालतं आणि बाणही येतात. बारा चांगल्या कार्बन बाणांचा संच अन् धनुष्य मिळून किंमत लाखांत जाते, त्यामुळे पगाराशिवाय हा खेळ आमच्यासारख्या घरात टिकत नाही. टेबलावरचं काम मी मन लावून करते. रजेचा अर्ज द्यायची वेळ आली की मात्र बोलणं अडतं. "खेळायला सुट्टी पाहिजे का?" असं विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्या गुणावर मला घेतलं, तो गुण जपायचे तास कामात धरले जात नाहीत, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

दीडला डबा. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, दोन उकडलेली अंडी, कांदा, ताक. जेवताना मी बऱ्याचदा परदेशी खेळाडूंच्या सरावाचे व्हिडिओ बघते, अगदी दुसऱ्या खेळांचेसुद्धा. सध्या ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या खास फुटबॉलचे. अंडाकृती मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू, तो पायानंही मारायचा आणि मुठीनंही. त्यातला मधल्या फळीतला खेळाडू, मिडफिल्डर, एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर धावतो, आणि त्या धावण्यात धडकाही खातो. अठराव्या वर्षाच्या आसपास क्लब त्याची निवड करतात, आणि गुडघ्याची एक मोठी दुखापत सगळं संपवू शकते. माझ्या खेळाशी त्याचं कुठंच जुळत नाही. तरी त्याचा आठवडा बघून मी थबकले. त्याच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये जीपीएसची डबी असते. आठवड्यात किती धावला, किती वेळा वेगात धावला, हे मोजायला क्लबात वेगळा माणूस नेमलेला असतो आणि आकडा फार वाढला तर सराव कमी केला जातो. फिजिओ वेगळा, आहार बघणारा वेगळा. झोप, मालिश, विश्रांती हे सगळं त्याच्या कामाच्या वेळापत्रकातच बसवलेलं असतं.

माझी जीपीएसची डबी म्हणजे दोनशे पानी वही. किती बाण मारले, किती तास झोप झाली, खांदा शून्य ते दहापैकी किती दुखतो, हे मी स्वतः लिहिते. मोजणारी मीच आणि सराव कमी करायचा की नाही हे ठरवणारीही बहुतेक मीच. सगळ्यात कठीण हेच पडतं, कारण स्पर्धा जवळ आली की मन नेहमी "अजून एक एन्ड" म्हणतं.

साडेचारला पुन्हा मैदान. आधी सामानाकडे बघायचं. प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हलका वाकवायचा आणि फिरवायचा. करकर ऐकू आली की तो बाण बाद, मग तो कितीही नवा असो. तडा गेलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. मग दोरीवरचा डी-लूप, म्हणजे रिलीज अडकवायचा नायलॉनचा छोटा फास, झिजला असेल तर बदलायचा. दोन्ही टोकं लायटरनं वितळवून त्यांना गाठीसारखी डोकी आणायची आणि पक्कडीनं ताणून बसवायचा. तो जराही सरकला तरी पन्नास मीटरवर बाण एक घर वर किंवा खाली लागतो.

आज एक जास्तीचं काम होतं. सकाळचे बाण सारखे डावीकडे जात होते, म्हणून कागद लावला. लाकडी चौकटीवर वर्तमानपत्राचं एक पान ताणून बसवायचं आणि दोन मीटरवरून त्यातून बाण मारायचा. बाण सरळ जात असेल तर कागदाला एकच गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा पडतात. वाकडा जात असेल तर बाणाची शेपटी ज्या बाजूला झुकते त्या बाजूला कागद फाटतो. माझा डावीकडे बोटभर फाटला होता. बाण टेकतो तो रेस्ट केसभर सरकवला, पुन्हा मारला, पुन्हा सरकवला. सहाव्या पानाला भोक गोल आलं. म्हणजे सकाळी दोष माझ्या हाताचा नव्हता. हे कळणं फार मोलाचं असतं, नाहीतर माणूस चांगला चाललेला हात बदलायला जातो.

साडेपाचनंतर सामने. समोरासमोर पंधरा बाण, आळीपाळीनं, एका बाणाला फक्त वीस सेकंद. सर मुलांना माझ्या मागं उभं करतात आणि आवाज करायला सांगतात. पोट्टे ते काम जीव ओतून करतात. "ताई, दहा सेकंद! ताई, वारं बघा!" वीस सेकंदांत ओढायचं, बुडबुडा बघायचा, वारं बघायचं आणि वाट बघायची. बारा सेकंदांपर्यंत बाण सुटला नाही तर धनुष्य खाली घेऊन पुन्हा ओढायचं, हे सर गेली दोन वर्षं घोकून घेत आहेत. धनुष्य खाली घ्यायला धैर्य लागतं. आज शेवटच्या बाणाला मी ते केलं, घड्याळात चार सेकंद उरले असताना बाण सोडला आणि तो दहात लागला. सर फक्त "हं, आता जमायला लागलं," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून हे खूप झालं.

साडेसातला बाण मोजून, बटवर ताडपत्री टाकून घरी. आठला जेवण, मग खांद्याला शेक आणि वही. महिनाअखेरीस निवड चाचणी आहे. धनुष्याची पेटी घेऊन एसटीनं मलकापूर आणि तिथून रेल्वे. पेटीत काय आहे ते कंडक्टरला नेहमीप्रमाणे उघडून दाखवावं लागेल. ऑलिंपिकमध्ये आजवर कंपाऊंड नव्हतं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये मिश्र सांघिक प्रकारात ते पहिल्यांदा येतंय. महाराष्ट्रात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस हे दोघंही २०२३ चे जागतिक विजेते आहेत, त्यामुळे संघातली जागा सोपी नाही. तरी आमच्या मैदानावरचं प्रत्येक पोरगं आता ते साल तोंडपाठ सांगतं. साडेनऊला दिवा बंद.

वाचणाऱ्या बुलढाणेकरांना एक विनंती करते. आपल्या मुलाला तिरंदाजीला घालायचं असेल तर लगेच महागडं धनुष्य घेऊ नका. पहिले काही महिने बांबूच्या धनुष्यावर आणि रबरी पट्टीवरच जातात. आणि सकाळ-संध्याकाळ मैदानावर लाल झेंडा उभा दिसला तर बटच्या मागून जवळच्या वाटेनं येऊ नका. कंपाऊंडचा बाण ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं जातो आणि सुटल्यावर तो कुणालाच थांबवता येत नाही. मैदानासमोरच्या रस्त्यानं वळसा घ्या.