जिल्ह्याला ‘थेट’ अध्यक्ष हवा का?

पुणे जिल्ह्यात, मावळातल्या खेड्यात राहत असाल, तर सरपंच तुम्ही थेट निवडता. लोणावळा, तळेगाव किंवा वडगावात घर असेल, तर नगराध्यक्षही थेट तुमच्याच मताचा. पण अख्ख्या जिल्ह्याचा कारभारी निवडायचा म्हटलं, की मतदाराचं काम जिल्हा परिषदेच्या गटाचा सदस्य निवडण्यापाशी संपतं. अध्यक्ष पुढे सदस्य ठरवतात. खरं तर त्यांच्याही आधी नेते ठरवतात.

आणि निवडून आलेला अध्यक्षही प्रशासनाचा प्रमुख नसतोच! तो मान मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा, म्हणजे ‘सीईओ साहेबां’चा. ते बदलीच्या आदेशानं येतात आणि बदलीच्या आदेशानंच जातात. ही घडी 1 मे 1962 ची. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेबाहेर ठेवून हे वेगळं पद काढलं. तालुक्यालाही तोच नमुना: वडगावच्या पंचायत समितीत एक केबिन सभापतींची, दुसरी गटविकास अधिकाऱ्यांची, म्हणजे बीडीओंची. फाइल कोणत्या टेबलावर अडकते, ते गावच्या पोरालाही ठाऊक असतं.

थेट नगराध्यक्षाची कथा तर झोपाळ्यासारखी. 1974 मध्ये पहिला प्रयोग. मग बंद. 2001 मध्ये पुन्हा सुरू, 2006 मध्ये बंद, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा मुख्यमंत्री विलासराव देशमुखच. 2016 मध्ये फडणवीस सरकारनं परत आणला. त्याच डिसेंबरात लोणावळेकरांनी सुरेखा जाधवांना थेट निवडून दिलं. 2020 मध्ये महाविकास आघाडीनं पद्धत गुंडाळली, 2022 मध्ये शिंदे-फडणवीसांनी पुन्हा उलगडली. सरपंचाचंही तसंच: 2017 ला थेट, 2020 ला नाही, 2022 ला परत थेट.

थेट सरपंचाला हटवणं मात्र सोपं नाही. तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, तरी वर ग्रामसभेत गुप्त मतदान. त्यामुळे सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं आणि पाच वर्षं नुसती ओढाताण, असं चित्र गावोगावी दिसतं. जिल्ह्यात हेच झालं तर? मला तरी ही भीती खरी वाटते.

बरं, नेमलेला साहेब तरी सहज हलतो का? नवी मुंबईत 2016 मध्ये आयुक्त तुकाराम मुंढेंवरचा अविश्वास ठराव 104 विरुद्ध 6 असा दणक्यात मंजूर झाला. मुंढे पुढे मार्चपर्यंत त्याच खुर्चीत होते.

2022 च्या मार्चमध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि सीईओच प्रशासक झाले. अध्यक्षही तेच, स्थायी समितीही तेच, सर्वसाधारण सभाही तेच. ठराव मांडायचा आपण, मंजूर करायचा आपणच. कोरमची चिंता नाही! लोणावळ्यातही तेव्हा प्रशासकच होते. आणि लोकशाहीवाल्यांना (म्हणजे मलाही) न रुचणारी गोष्ट अशी, की स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये एक लाखाखालच्या शहरांत सासवड देशात पहिलं आणि लोणावळा तिसरं आलं, ते याच काळात.

आता थोडं परदेशात. केनियात 47 काउंटी आहेत आणि 2013 पासून प्रत्येकीचा गव्हर्नर थेट लोक निवडतात. अमेरिकेतली लॉस एंजेलिस काउंटी लोकसंख्येनं साधारण पुणे जिल्ह्याएवढी: तिथे एक कोटी, आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत 94 लाख. पुण्यात 2017 ला नुसत्या ग्रामीण भागासाठी 75 सदस्य निवडले गेले. तिथे सगळा गाडा पाच जण हाकतात, प्रशासनाचा प्रमुख नेमलेला. नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी थोडक्या फरकानं कौल दिला, की पाचाचे नऊ करा आणि कार्यकारी प्रमुख आम्हीच निवडू. त्या प्रमुखाची पहिली निवडणूक 2028 मध्ये.

आपल्याकडे तसं करायचं, तर त्या अध्यक्षाच्या हाती द्यायचं काय, हे आधी बघावं लागेल. पावसाळी रविवारी लोणावळ्यात एक चक्कर मारा. गावातला रस्ता नगरपरिषदेचा. भुशी धरण रेल्वेचं, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलेलं. टायगर पॉइंटला वनखातं, कार्ला-भाजे लेण्यांवर आणि लोहगडावर केंद्राचं पुरातत्त्व खातं, एक्स्प्रेसवेवर रस्ते विकास महामंडळ. गर्दी हाताबाहेर गेली, की बंदीचा हुकूम काढतात जिल्हाधिकारी. थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला भुशीच्या पायऱ्यांवर भिजायला मिळेल, पण तिथून कुणाला उठवायचं तर फोन जिल्हाधिकाऱ्यांनाच करावा लागेल.